पुलाचा रंग कोण तपासतो?

रंगाच्या दुकानात हल्ली निम्म्या डब्यांवर हिरवे पान असते. कुठे 'इको', कुठे 'शिसेमुक्त', कुठे 'वास नाही, त्रास नाही'. गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा असतो: हे खरे आहे हे कोणी तपासले? दुकानदार माहितीपत्रक पुढे करतो. ते अर्थातच कंपनीने छापलेले असते.

घराच्या भिंतीपुरता हा प्रश्न सोडून देता येतो. रंग फसला तर चार वर्षांनी दुसरा लावू. पण तेलाच्या टाक्या, कारखान्यांचे सांगाडे, जहाजे, रेल्वेचे डबे आणि पूल यांच्या बाबतीत तसे नसते. तिथे रंग शोभेला नसतो. लोखंड आणि हवा यांच्यामध्ये तो एकटाच उभा असतो. अशा रंगाला 'पर्यावरणपूरक' म्हणायचे तर कशावरून, आणि ते ठरवायचे कोणी? हे समजून घ्यायला कोलकाता चांगले शहर आहे. शालिमार पेंट्सची सुरुवात 1902 मध्ये हावड्यात झाली. आजच्या बर्जरचा मूळ कारखाना 1923 मध्ये इथेच निघाला आणि कंपनीचे मुख्यालय अजूनही पार्क स्ट्रीटवर आहे. देशातली सर्वात जुनी सरकारी परीक्षणशाळाही इथलीच. आणि रंगाची रोज परीक्षा घेणारा एक अवाढव्य पूल या शहरात आहे.

1. साडेसव्वीस हजार लिटर

3 फेब्रुवारी 1943 रोजी हावडा पूल वाहतुकीला खुला झाला. युद्धाचे दिवस होते, जपानी विमानांची धास्ती होती, त्यामुळे समारंभ झालाच नाही. सुमारे 26,500 टन पोलाद, त्यातले 23,000 टन टाटांचे, आणि सगळे रिव्हेट ठोकून जोडलेले. 1965 मध्ये त्याचे नाव रवींद्र सेतू झाले, पण टॅक्सीवाल्याला अजून 'हावडा ब्रिज' असेच सांगावे लागते. देखभाल बंदर प्रशासनाकडे आहे.

2004 मध्ये बंदर प्रशासनाने पूल रंगवला तेव्हा 65 लाख रुपये खर्च आला. आधी झिंक क्रोमेटच्या प्राइमरचा हात, त्यावर अल्युमिनियम पेंटचे दोन हात. एकूण रंग लागला 26,500 लिटर. टनामागे लिटर! हा निव्वळ योगायोग, पण आकडा लक्षात ठेवायला सोपा. पुढच्या गणितात तो लागणार आहे.

त्या यादीत डोळ्यांत भरावा असा शब्द म्हणजे झिंक क्रोमेट. हा पिवळा प्राइमर लोखंडाला गंजू देत नाही, म्हणूनच तो विमानांपासून पुलांपर्यंत सगळीकडे वापरला जात होता. पण त्यातले क्रोमियम सहा-संयुजी असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्येच त्या प्रकारच्या क्रोमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले होते. 2004 मध्ये कोलकात्याने काही जगावेगळे केले असे नाही. तेव्हा चाल तीच होती.

आता पुढच्या खेपेला कोणी विक्रेता अभियंत्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, यात क्रोमेट नाही, थिनर चौथ्या हिश्शाला, आणि टिकाऊपणा तोच," तर अभियंत्याने काय करावे? त्याच्यापुढे प्रश्न दोन आहेत. विष खरोखर कमी आहे का? आणि रंग टिकेल का? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले असे होत नाही, आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो.

2. डब्यात असते काय?

कोणत्याही रंगात तीन मुख्य गोष्टी असतात. पहिली भुकटी, म्हणजे रंगद्रव्य. छटा तिच्यामुळे येते आणि प्राइमरमध्ये गंज रोखण्याचे कामही तीच करते. दुसरा चिकटद्रव, म्हणजे राळ किंवा तेल; तो भुकटीला धरून ठेवतो आणि वाळला की पापुद्रा बनतो. तिसरे पातळ करणारे द्रव्य: तेलरंगात टर्पेंटाइन किंवा थिनर, पाण्याच्या रंगात पाणी. याशिवाय बुरशी, फेस, साय असल्या कटकटी टाळायला चिमूटभर इतर रसायने.

यातल्या दोन जागी विष दडते.

एक भुकटीत. देवळाबाहेरच्या मारुतीला फासायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. एकेकाळी जगभरच्या लोखंडी पुलांवर पहिला हात याच शेंदराचा असे. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी शिशाचे क्रोमेट वापरत, म्हणजे शिसे आणि क्रोमियम एकाच पुडीत. हे सगळे स्वस्त होते आणि उत्तम काम करत होते, हे विसरून चालणार नाही. झिंक क्रोमेट पाण्यात किंचित विरघळते, ओरखडा पडला तरी त्या जागी पोचते आणि लोखंडावर संरक्षक थर तयार करते. त्याच्या जागी आलेला झिंक फॉस्फेट विषारी नाही, पण इतका चपळही नाही. म्हणून नुसती पुडी बदलून भागत नाही, सगळा रंगच नव्याने जुळवावा लागतो.

दुसरे विष पातळ करणाऱ्या द्रव्यात. रंग वाळतो म्हणजे थिनर उडून जातो, आणि तो जातो हवेत. उडून जाणाऱ्या या सेंद्रिय वाफांनाच 'व्हीओसी' म्हणतात. रंगाऱ्याचे डोके धरते ते यांच्यामुळे. बाहेर गेल्यावर गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी उन्हात त्यांची गाठ पडते आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर हवाहवासा वाटणारा हा वायू नाकापाशी आला की छातीला त्रास देतो.

या विषांतून सुटका करून घेण्याचे मार्ग आज तीन आहेत. थिनरऐवजी पाणी वापरायचे. थिनर कमी आणि घन भाग जास्त ठेवायचा. या प्रकारातल्या इपॉक्सी रंगांना घट्ट करणारे एक द्रव्य काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनते, आणि कोकणातल्या काजूवाल्यांचे हात ज्याने भाजतात तेच हे तेल. नाहीतर द्रव टाकूनच द्यायचा: कोरडी पूड विजेच्या भाराने लोखंडावर चिकटवायची आणि साधारण 180 ते 200 अंशांवर भट्टीत वितळवायची. पंखे, कपाटे, सायकली आता अशाच 'पावडर कोटिंग'ने रंगतात. पूल मात्र भट्टीत घालता येत नाही.

3. हिरवेपणाचे गणित

समजा, एका रंगात लिटरमागे 400 ग्रॅम व्हीओसी आहे आणि दुसऱ्यात 100 ग्रॅम. हे आकडे उदाहरणापुरते, पण बाजारात आढळण्यासारखे आहेत. हावडा पुलाचे 26,500 लिटर घेतले तर पहिल्या रंगातून 10,600 किलो, म्हणजे साडेदहा टनांहून अधिक वाफा शहराच्या हवेत जातील. दुसऱ्यातून 2,650 किलो. फरक उघड आहे.

आता टिकाऊपणा मध्ये आणा. पहिला रंग सहा वर्षे टिकतो असे धरू. बारा वर्षांत दोनदा रंगकाम, वाफा 21.2 टन. दुसरा रंगही सहा वर्षे टिकला तर 5.3 टन. तीनच वर्षे टिकला तर चार रंगकामे, 10.6 टन, तरी निम्मे. आणि दीड वर्षातच पोपडे सुटू लागले तर बारा वर्षांत आठ रंगकामे आणि बरोबर 21.2 टन. हिरवा रंग आणि जुना रंग एकाच पायरीवर! शिवाय दर वेळी पहाड बांधायचा, जुना रंग खरवडायचा, आणि ती खरवड पुलाखालच्या हुगळी नदीत पडू न देण्याची कसरत करायची.

खरवडणे हे किती लांबलचक काम असते ते सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर दिसले. तिथला मूळ शिशाचा रंग काढून जस्ताचा प्राइमर लावायला 1965 मध्ये सुरुवात झाली. 1990 मध्ये हवेच्या नियमांमुळे वरचा थर बदलून पाण्यावर आधारित ॲक्रिलिकचा करण्यात आला. काम संपले 1995 मध्ये.

याची उलटी बाजूही पाहण्यासारखी आहे, कारण टिकाऊपणाच्या परीक्षेत पहिला आलेला रंगही घातक निघू शकतो. जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून ट्रायब्युटाइल टिन नावाचे द्रव्य असलेले रंग 1960 नंतर जगभर पसरले. जहाजमालक खूश होते. बूड वर्षानुवर्षे स्वच्छ राही आणि इंधन वाचे. मग 1970 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालव्यांची वाढ बिघडली आणि कालवे पोसणाऱ्यांचा धंदा बसला. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. जगभरच्या बंदीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये अमलात आला. त्या रंगाची चाचणी झाली नव्हती असे नाही. चाचण्या जहाजाच्या बाजूने झाल्या, कालव्याच्या बाजूने कोणी पाहिले नाही. बंदीनंतर पर्यायांचा शोध सुरू झाला, आणि आपल्याकडे नौदलासाठी अशा रंगांवर अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत काम चालते.

4. नमुना कोणी उचलला?

1912 मध्ये रेल्वे बोर्डाने कलकत्त्यात एक परीक्षणगृह उघडले. रेल्वे तेव्हा देशातली सर्वात मोठी खरेदीदार. सिमेंट, पोलाद, तेल, रंग असा ठेकेदाराने आणलेला माल सांगितल्याप्रमाणे आहे का, हे पाहायला विकणारा नको आणि विकत घेणारा कारकूनही नको, तिसरा कोणी हवा, ही गरज होती. तीच संस्था आज नॅशनल टेस्ट हाउस, म्हणजे राष्ट्रीय परीक्षणशाळा, म्हणून ओळखली जाते. ती ग्राहक व्यवहार मंत्रालयाखाली असून तिच्या शाखा मुंबई, चेन्नई, गाझियाबाद, जयपूर, गुवाहाटी अशा ठिकाणी आहेत. याशिवाय देशात खासगी प्रयोगशाळाही पुष्कळ. त्यांची उपकरणे, माणसे आणि कामाची पद्धत भरवशाची आहे की नाही हे पाहून एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ मान्यता देते.

अशा प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की बहुतेक लोक आधी निकालाचा रकाना पाहतात. जाणकार तळाशी पाहतो. तिथे बारीक अक्षरात एक ओळ असते: नमुना ग्राहकाने आणून दिलेला आहे आणि निकाल त्या नमुन्यापुरता आहे. प्रयोगशाळा प्रामाणिक आहे, यंत्र अचूक आहे, पण डबा कुठून आला याची तिला कल्पना नाही. कंपनीने खास कालवून दिलेला एक लिटर आणि पुलावर आलेल्या ट्रकमधला एक लिटर एकच आहेत हे ती ओळ सांगत नाही, आणि तसा दावाही करत नाही. म्हणून मोठ्या कामांच्या निविदांमध्ये जागेवर आलेल्या मालातून, सगळ्यांसमोर, मोहोरबंद नमुना घेण्याची अट घालतात. 'स्वतंत्र' हा शब्द तपासायचा तो इथे.

नमुना उचलण्यातही खुबी आहे. वरण न ढवळता वाढले तर ताटात नुसते वरचे पाणी येते, डब्याचेही तसेच. जड भुकटी तळाशी बसते, आणि शिशाची भुकटी तर सर्वांत जड. वरवरचा चमचाभर रंग घेतला तर शिसे कमी दिसणार. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 101 या मानकमालिकेचा आरंभच नमुना कसा घ्यावा इथून होतो: डबा उघडल्यावर साय आली आहे का, तळाशी गोळा घट्ट बसला आहे का, ढवळल्यावर तो मोडतो का, सगळे एकजीव होते का. हे वाचायला कंटाळवाणे असले तरी निम्मी भांडणे इथेच मिटतात.

नमुना कंपनीकडून न घेता दुकानातून विकत घेतला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण भारतातलेच आहे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने सहा लोकप्रिय ब्रँडचे घरगुती रंगाचे 69 नमुने तपासून घेतले. त्यावरचा शोधनिबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याच्या 38 नमुन्यांत शिसे अगदी कमी होते. तेलाच्या, म्हणजे इनॅमलच्या 31 नमुन्यांपैकी 84 टक्क्यांत ते 600 पीपीएमच्या वर होते, आणि एका नमुन्यात तर 1,40,000 पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. हिशेब केला तर त्या रंगाच्या प्रत्येक किलोत 140 ग्रॅम शिसे. अमेरिकेची मर्यादा तेव्हा 600 होती. भारतात सक्तीची मर्यादाच नव्हती.

तो आकडा जाहीर झाल्यावर वादाची दिशा बदलली. शेवटी केंद्र सरकारने 2016 मध्ये नियम काढला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती व सजावटीच्या रंगांना 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली. किलोमागे 90 मिलिग्रॅम.

5. बंदुकीचीही परीक्षा

रंग तोच ठेवून नुसती फवारणीची बंदूक बदलली तरी प्रदूषण घटते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साध्या स्प्रे गनमधून जोरात सुटलेला रंग वस्तूवर आदळून उडतो, बाजूने निसटतो. समजा, शंभरातले 30 भागच वस्तूवर बसतात. कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या बंदुकीत किमान 65 बसावेत अशी अपेक्षा असते. वस्तूवर 65 लिटर रंग चढवायचा असेल तर चांगल्या बंदुकीला 100 लिटर पुरतात, साधीला जवळजवळ 217 लागतात. वाफाही त्याच प्रमाणात.

पण 'आमची बंदूक 65 टक्के देते' हेही कोणी तपासायचे? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1995 मध्ये पर्यावरण-तंत्रज्ञान पडताळणीची एक योजना सुरू केली. तिचे एक केंद्र खास औद्योगिक रंग आणि रंगकामाच्या उपकरणांसाठी होते. चाचणी कशी घ्यायची, किती वेळा घ्यायची, निकाल कसा मोजायचा हे आधी कागदावर ठरवायचे, चाचणी तिसऱ्याने करायची, आणि अहवाल लोकांसमोर ठेवायचा अशी तिची रीत होती. पडताळणी म्हणजे शिफारस नव्हे, सरकारी शिक्का नव्हे, हे ती संस्था स्वतःच बजावून सांगे. योजना 2014 मध्ये बंद झाली, पण तिची रीत उरली: अशा पडताळणीसाठी 2016 मध्ये आयएसओ 14034 हे आंतरराष्ट्रीय मानक आले.

6. मिठाचे धुके

आता दुसरा प्रश्न: टिकेल का? दहा वर्षे थांबून पाहणे कोणालाच परवडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत काळाला घाई करायला लावतात.

हाताएवढ्या पोलादी पट्ट्या घेतात, खडबडीत करतात, ठरलेल्या जाडीचा रंग देतात. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. साइटवरचे पेंटर 'डीएफटी किती आली?' असे विचारतात ती हीच, वाळलेल्या थराची जाडी. मग रंग किती घट्ट धरला आहे ते पाहतात. धारदार पात्याने सहा रेघा उभ्या आणि सहा आडव्या, रंग कापून लोखंडापर्यंत. पंचवीस बारीक चौकोन तयार होतात. मऊ ब्रशने झटकून, चिकटपट्टी लावून ओढायची आणि भिंगातून बघायचे. एकही चौकोन सुटला नाही तर शून्य, हा सर्वोत्तम निकाल. 65 टक्क्यांहून जास्त सुटले तर पाच. पाच आले की पुढे बोलायला काही उरत नाही.

त्यानंतर मिठाचे धुके. दुसऱ्या पट्टीवर लोखंड दिसेल इतका खोल ओरखडा काढतात आणि ती बंद पेटीत तिरकी उभी करतात. पेटीत 35 अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके अखंड सोडलेले असते. पोलादी बांधकामांच्या रंगांसाठी आयएसओ 12944 हे मानक वापरतात. त्यात खाऱ्या आणि दमट औद्योगिक हवेच्या 'सी 5' गटात दीर्घ टिकाऊपणा हवा असेल तर 1,440 तासांची अट आहे, म्हणजे साठ दिवस. मुदत संपली की पट्टी काढून पाहायचे: फोड आले का, ओरखड्यापासून गंज रंगाखाली किती आत शिरला, भेगा पडल्या का.

निकाल चांगला आला की विक्रेते लगेच भाषांतर करतात: इतके तास म्हणजे इतकी वर्षे. हे चूक आहे. खऱ्या हवेत धुके चोवीस तास नसते. दुपारी लोखंड तापते, रात्री दव पडते, ऊन रंगाला ठिसूळ करते, मग पाऊस. आयएसओ 12944 मध्येही स्पष्ट म्हटले आहे की टिकाऊपणाचा गट म्हणजे हमीची मुदत नव्हे. तो देखभालीचा आराखडा आखण्यापुरता आहे.

म्हणून आता फिरत्या चाचण्या आल्या. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांसाठी एका आठवड्याचे चक्र असते: 72 तास अतिनील किरण आणि दव, 72 तास मिठाचे धुके, 24 तास उणे 20 अंशांची थंडी. अशी 25 चक्रे, एकूण 4,200 तास. तापायचे, भिजायचे, गोठायचे, हे जास्त खरे आहे. मात्र ही चाचणी उत्तर समुद्राच्या गरजेतून घडली आहे. हुगळीकाठी उणे 20 अंश कधी होणार नाहीत.

7. कोलकात्याची हवा, कोलकात्याचे पान

पाण्याचा रंग वाळायचा तर पाणी उडायला हवे, आणि पावसाळ्यातली कोलकात्याची हवा आधीच पाण्याने भरलेली. इथे एक छोटा हिशेब रंगकामाच्या प्रत्येक पर्यवेक्षकाला येतो. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू सुमारे 27 अंश. नियम असा की लोखंड दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम असावे. म्हणजे लोखंडही 30 च्या पुढे हवे, आणि सावलीतला गर्डर नेमका काठावर राहतो. काम थांबवावे लागते. आर्द्रता 50 टक्के झाली की दवबिंदू 18 वर येतो आणि तोच गर्डर खुशाल रंगवता येतो. रंग उत्तम, प्रयोगशाळेचा निकाल उत्तम, आणि श्रावणात घाईने मारलेला हात महिन्याभरात फोडांनी भरला, तर दोष हिरव्या रंगाच्या नावावर जमा होतो.

अशा कारणांनी प्रयोगशाळेबाहेरची चाचणीही लागते. रंगवलेल्या पट्ट्या उघड्यावर चौकटींवर लावून ठेवायच्या आणि वर्षावर्षाने पाहायच्या. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेचे अशा कामासाठी रामेश्वराच्या वाटेवर मंडपमला समुद्रकाठी केंद्र आहे. पण मंडपमची हवा खारी आणि उन्हाची; कोलकात्यात नदीचा दमटपणा, गाड्यांचा धूर आणि कारखान्यांची काजळी. खरी गोष्ट अशी की ज्या पुलाला रंग द्यायचा त्याच पुलावर दोन-चार गर्डर निवडून तीन रंग शेजारी शेजारी लावावेत आणि दोन पावसाळे थांबावे. यात खर्च थोडा, वेळ मात्र जातो, आणि निविदांना वेळच नसतो.

आणि कोणत्याही मानकात न बसणारी एक गोष्ट हावडा पुलावर आहे. 2011 मधल्या पाहणीत आढळले की लोंबत्या खांबांच्या तळाशी पाणी शिरू नये म्हणून बसवलेली पोलादी टोपणे 2007 पासून चार वर्षांत 6 मिलिमीटरवरून 3 मिलिमीटरहून कमी झाली होती. मुख्य आरोपी पानाची पिंक. पानात चुना असतो, काथ असतो, सुपारी असते, वर तंबाखू आणि लाळ. चुना अल्कलीधर्मी, आणि अल्युमिनियमला अल्कली सोसत नाही, हे शाळेतले रसायनशास्त्र. वरून कबुतरे आणि कावळ्यांच्या विष्ठेतले आम्ल. मिठाचे धुके सोडणाऱ्या पेटीत यातले काहीच नसते. चुना-काथाचे द्रावण दिवसातून शंभर वेळा एकाच जागी मारून रंग तपासा, असे मानक कोणी लिहिलेले नाही. कोलकात्याने ते लिहायला हरकत नव्हती. बंदर प्रशासनाने रंगावर भिस्त न ठेवता खांबांच्या तळाला फायबरग्लासची आवरणे चढवायचे ठरवले. खर्च सुमारे 20 लाख. फायबरग्लास धुता येते.

8. औद्योगिक म्हणून मोकळा

मग डब्यावरच्या शिक्क्यांचे काय? भारताने 1991 मध्ये इकोमार्क योजना आणली, चिन्ह मातीच्या मडक्याचे. रंग तिच्या यादीत होते. योजना ऐच्छिक होती, उद्योगांनी फारशी मनावर घेतली नाही, आणि मडके बाजारात क्वचितच दिसले. 2024 मध्ये सरकारने तिच्या जागी नवे नियम आणले आहेत.

सक्तीचा नियम आहे तो शिशाचा, आणि त्याच्या नावातच मर्यादा लिहिलेली आहे: घरगुती व सजावटीचे रंग. पूल, टाक्या, यंत्रे, ट्रक यांच्यावरचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. रंगकामगार मात्र दोन्हीकडे तेच. दुकानही अनेकदा तेच, आणि लोखंडी गेट किंवा खिडकीच्या जाळीला 'जास्त टिकतो' म्हणून औद्योगिक इनॅमल मागणारे गिऱ्हाईक नेहमीचे. औद्योगिक वापराचा तो डबा घरात आला की 90 पीपीएमचा नियम त्याच्यापाशी थांबतो.

त्यामुळे औद्योगिक रंगात शिसे आणि क्रोमेट किती, हे आज खरेदीदाराने निविदेत काय लिहिले आहे यावर ठरते. बंदर, रेल्वे, वीजमंडळ किंवा महापालिका यांपैकी कोणी 'शिसे 90 पीपीएमच्या आत, क्रोमेट नाही, नमुना जागेवरून घेतलेला, अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा' एवढे चार शब्दप्रयोग अटींमध्ये घातले तर पुरवठादाराला तसाच डबा आणावा लागतो. एका नमुन्यातले शिसे तपासायला लागते ते इतकेच: रंग काचेवर वाळवायचा, खरवडून आम्लात विरघळवायचा आणि यंत्राला दाखवायचा. हजारो लिटरच्या कंत्राटात हा खर्च हिशेबाच्या वहीत शोधावा लागेल इतका लहान असतो.